दर तिसऱ्या दारामागची भीती

निवृत्तीनंतरच्या आठ महिन्यांत मापसाहेबांनी घरात न मोजलेली एकही वस्तू शिल्लक ठेवली नव्हती. तेहतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढलेला माणूस! ते दुकानात शिरले की तराजू आपोआप सरळ उभे राहत, असं म्हणे खात्यात बोललं जायचं. (हे ते स्वतः सांगत, खात्यातलं दुसरं कुणी सांगताना अजून भेटलेलं नाही.) सगळी इमारत त्यांना मापसाहेब म्हणायची आणि त्या हाकेत थोडी थट्टा आहे, हे एक त्यांनाच ठाऊक नव्हतं. तर आठ महिन्यांत स्वयंपाकघरातला मापाचा कप सात मिलिलिटरने खोटा ठरला, भिंतीवरचं घड्याळ दिवसाला चार सेकंद मागे पडतं हे सिद्ध झालं आणि एका रविवारी त्यांनी बायकोला वजनकाट्यावर बोलावलं. "अगं, तुझं वजन नाही करायचं, काट्याची पडताळणी करायचीय. तू फक्त उभी राहा."

बायको उभी राहिली नाही. ती तडक सुनेच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "ह्यांना काहीतरी काम दे गं बाई. नाहीतर मी तरी कुठे नोकरीला लागते."

सुनेकडे काम होतं. ती सकाळी कॉलेजात शिकवायची, दुपारपासून संशोधन करायची आणि दोन वर्षं एकाच गोष्टीच्या मागे लागली होती. इंटरनेटवर सतत असणाऱ्या माणसांना एक धाकधूक लागून राहते: तिकडे काहीतरी चाललंय, सगळे त्यात आहेत, मीच नाही, माझं काहीतरी हुकतंय. ही हुकण्याची भीती कुणाला किती, ते तिला मोजायचं होतं. त्यासाठी तिने वीस वाक्यांचा एक फॉर्म केला होता. तिच्या मार्गदर्शक बाई मात्र कडक. शनिवारी सकाळी दहा वाजता त्या स्वतः घरी येऊन चाळीस नीट भरलेले फॉर्म बघणार होत्या. ते नसले, तर विषय काढून दुसऱ्या मुलीला द्यायचा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. दुसरी मुलगी वर्षभर त्याच विषयावर डोळा ठेवून होती. आणि सुनेकडे आज भरलेले फॉर्म होते शून्य, कारण कॉलेजच्या परीक्षा नेमक्या याच आठवड्यात आल्या होत्या.

"भीती मोजायची?" मापसाहेब खुर्चीतून उठलेच. "एकक काय?"

"एकक नाही बाबा, गुण असतात. प्रत्येक वाक्याला एक ते पाच. सगळ्यांची बेरीज."

एककाशिवाय मोजणं म्हणजे मापसाहेबांच्या दृष्टीने निव्वळ अंदाज. पण आठ महिन्यांनी कुणीतरी त्यांना काम देत होतं. त्यांचे कान लाल झाले होते. खात्यात मोठी धाड असली की व्हायचे तसे.

सुनेने नियम सांगितले. इमारतीत एकशेवीस घरं, म्हणून दर तिसरं दार: तीन, सहा, नऊ असं एकशेवीसपर्यंत. मधलं कुणीही घ्यायचं नाही, कितीही गोड बोललं तरी. फॉर्म समोर बसवून भरून घ्यायचा. नेमकं काय मोजतोय ते सांगायचं नाही. वर छापलंय तेवढंच, 'फोन व इंटरनेट वापर: सर्वसाधारण पाहणी'. भरला की पाकिटात घालून सरळ तिच्याकडे. बेरीज करून ती त्या माणसाला सांगू नका, असं मात्र ती म्हणाली नाही. शहाण्या माणसाला हे सांगावं लागेल, असं तिच्या मनातच आलं नाही.

सोमवारी सकाळी मापसाहेब दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला दोन पेनं लावून निघाले तेव्हा बायकोने त्यांना दारातून डोळे भरून पाहिलं आणि दार लावून घेऊन मनसोक्त वर्तमानपत्र वाचलं.

पहिलं दार तीन नंबरचं, शिकवणीवाल्या बाईंचं. या बाई इमारतीतल्या निम्म्या मुलांना गणित शिकवत आणि उरलेल्या निम्म्यांच्या आयांना ऐकवत. त्यांनी फॉर्म हातात घेतला. 'ग्रुपवर शंभर संदेश साठले असतील, तर शंभरही वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही.' बाईंनी पाचवर गोल केला. 'ओळखीच्यांच्या सहलीचा फोटो पाहिला, की त्यात कोण कोण आहे ते मी मोजतो किंवा मोजते.' पुन्हा पाच. 'अंघोळीला जातानाही फोन हाताशी असावा असं मला वाटतं.' इथे बाई जरा थांबल्या, मापसाहेबांकडे पाहून किंचित लाजल्या आणि चारवर गोल केला.

फॉर्म भरून झाला. आता कुठलाही सामान्य माणूस तो पाकिटात घालून उठला असता. पण मापसाहेबांच्या हातून ते होईना. तेहतीस वर्षांत त्यांनी कुणाचं वजन तपासून मालकाला निकाल सांगितला नाही, असं कधी झालंच नव्हतं. तराजू खरा असो की खोटा, मालकाच्या तोंडावर सांगायचं, लेखी द्यायचं, खाली सही करायची. गुपचूप मोजून निघून जाणं हे त्यांच्या हिशेबी चोरीहून वेगळं नव्हतं. त्यांनी जागेवर बेरीज केली, खिशातून कोरी चिठ्ठी काढली आणि तिच्यावर सुरेख अक्षरात लिहिलं: घर क्रमांक ३. माप: ८३. तपासले. खाली तारीख आणि लफ्फेदार सही.

"त्र्याऐंशी!" बाई म्हणाल्या. "शंभरपैकी?"

"शंभरपैकी."

"चांगले आहेत ना?"

"माप चांगलं-वाईट नसतं बाई. माप बरोबर असतं," मापसाहेब गंभीरपणे म्हणाले आणि सहा नंबरकडे वळले. हे वाक्य त्यांना स्वतःला इतकं आवडलं, की ते त्यांनी त्या दिवशी आणखी आठ घरांत ऐकवलं.

दुपारी जेवताना बायकोचा फोन किणकिणू लागला आणि थांबेचना. मापसाहेबांचा स्वतःचा फोन बटणांचा, बोलण्यापुरता. इमारतीच्या ग्रुपवर बायको होती. शिकवणीवाल्या बाईंनी चिठ्ठीचा फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'आजच्या पाहणीत ८३! सर्वांचे आभार.' त्यावर सत्तेचाळीस जणांनी अभिनंदन केलं होतं. ही कशाची पाहणी, हे एकानेही विचारलं नव्हतं. मग सहा नंबरने आपले एक्काहत्तर टाकले, नऊ नंबरने अठ्ठ्याहत्तर टाकले आणि बारा नंबरच्या आजोबांनी आपले चौतीस टाकून 'प्रश्न अवघड होते' अशी तक्रार केली.

"अहो, हे काय करून ठेवलंत?"

"कामाची पोच दिली," मापसाहेब म्हणाले आणि त्यांनी दुसऱ्यांदा भात वाढून घेतला. त्यांच्या तेहतीस वर्षांच्या नोकरीत कुठल्याही दुकानदाराने त्यांची चिठ्ठी अशी मिरवली नव्हती.

चार वाजता दारावर पहिली थाप पडली. चार नंबरवाले. सहज आलो, म्हणाले. दहा मिनिटं हवापाण्यावर बोलले आणि मग अगदी निघताना, "ते तुमचं काय ते चाललंय म्हणे, त्यात आमचं नाव राहिलं वाटतं?" मापसाहेबांनी दर तिसऱ्या दाराचा नियम सांगितला. चार नंबरवाले समजूतदार मान हलवून गेले आणि पाच मिनिटांत पाच नंबरला घेऊन परत आले. "आम्ही दोघं मिळून एक धरा," असा त्यांचा प्रस्ताव होता.

मंगळवारी सकाळपासून तर दाराला उसंत नव्हती. सून परीक्षांमुळे पहाटेच कॉलेजात जाई ती रात्री उशिरा परते, म्हणून तिला याचा पत्ताच नव्हता. एकशेवीसपैकी चाळीस घरं निवडलेली, म्हणजे ऐंशी घरं न निवडलेली, आणि त्या ऐंशी घरांत सोमवारपर्यंत सुखाने नांदणारी माणसं आता सकाळी उठल्याबरोबर 'आपल्यात काय कमी आहे' याचा विचार करू लागली होती. कुणी म्हणालं, मोजणी डाव्या हाताने का, उजव्या हाताने केली असती तर आमचं दार आलं असतं. कुणी विचारलं, आमच्या घरी चार फोन आहेत, तीन नंबरात दोनच, मग भूषण कुणाला? पंच्याऐंशी नंबरची मंडळी तर चौऱ्याऐंशी नंबरात पाहुणी म्हणून राहायलाच गेली; दोन बॅगा घेऊन. निवडलेल्यांतही शांतता नव्हती. बारा नंबरचे आजोबा चौतीस गुणांवर दिवसभर जेवले नाहीत. त्यांना पुन्हा बसायचं होतं.

मापसाहेब प्रत्येकाला तोच नियम तोच स्वर ठेवून सांगत होते, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. कोण कशासाठी आला, किती वेळ थांबला, कितव्यांदा आला, याची ते वहीत नोंद ठेवत. निरीक्षकाच्या दारात माणूस आला आणि नोंद झाली नाही, हे त्यांच्या खात्यात खपत नसे. "लोकांना भलतीच हाव सुटलीय," ते बायकोला म्हणाले. "निवड नाही झाली तर नाही झाली. त्यात काय एवढं मनाला लावून घ्यायचं!"

शेजारच्या अडतीस नंबरचे वकील मात्र थाप मारणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी लेखी पत्र दिलं. 'आपण माझ्या लगतच्या एकोणचाळीस क्रमांकास निवडून मला वगळले, त्याची कारणे सात दिवसांत कळवावीत.' मापसाहेबांनी उत्तर लिहिलं: 'अडतीसला तीनने भाग जात नाही.' वकिलांनी ते दोनदा वाचलं. बुधवारी सकाळी अडतीस नंबरच्या दारावर पितळी आकडे झळकत होते, एकोणचाळीस. आणि एकोणचाळीसच्या दारावर अडतीस. स्क्रू अगदी नवे होते.

हा बदल बिचाऱ्या प्लंबरला कुणी कळवला नव्हता. नळ गळत होता एकोणचाळीसमधला. प्लंबरने आकडा बघून बेल दाबली, वकिलांना वाटलं पाहणीवाला आला, त्यांनी "या, या!" करून आत घेतलं, आणि प्लंबरने त्यांचा न गळणारा नळ उघडून दुरुस्त केला. दुरुस्तीनंतर तो गळू लागला. दुपारपर्यंत पाणी जिन्यावर आलं आणि सेक्रेटरी धावत वर आले.

सेक्रेटरींना पाण्याचं काही नव्हतं. "साहेब, तुम्ही माझी परवानगी घेतली नाहीत," ते म्हणाले. "इमारतीत पाहणी करायची तर एकतर सगळ्यांची, नाहीतर कुणाचीच नाही. नियम आहे."

"कुठला नियम?"

"आज संध्याकाळी सहाला सभा आहे. त्यात होईल."

सभेला, एरवी सातजण येतात त्या सभेला, दोनशे माणसं आली. खुर्च्या संपल्या. सेक्रेटरी आपण एकशेदोनमध्ये राहतो, म्हणजे आपलं दार नियमात बसतं, आणि तरी अजून आपल्याकडे कुणी आलेलं नाही, यावर वीस मिनिटं बोलले. मग शिकवणीवाल्या बाई उठल्या. ज्यांचे फॉर्म अजून व्हायचे आहेत त्यांच्यासाठी उद्या सकाळी आपल्या घरी सरावाचा वर्ग आहे, त्यांनी जाहीर केलं. प्रश्न त्यांना आठवत होते, वीसच्या वीस. "घाबरायचं काही कारण नाही. सगळ्यांनी पाचवर गोल करायचा, बास." टाळ्या पडल्या.

मापसाहेबांनाही त्या टाळ्या ऐकून बरं वाटलं. नंतर त्यांना याची सर्वांत जास्त लाज वाटली, म्हणून इथे सांगून टाकलेलं बरं.

गुरुवारी त्यांनी उरलेले अठरा फॉर्म एका दमात भरून आणले. अठराच्या अठरा लोकांनी दार उघडायच्या आधीच पेन उघडून ठेवलं होतं. माप: १००. माप: १००. माप: १००. सेक्रेटरींना एकशेदोनमध्ये बसून शंभर मिळाले आणि त्यांनी चिठ्ठी काचेच्या चौकटीत लावायला दिली. चाळीस फॉर्म! शनिवार उजाडायच्या आधी! मापसाहेबांनी पाकिटं एकावर एक रचून, कडा जुळवून, सुनेच्या टेबलावर मधोमध ठेवली आणि ती कॉलेजातून यायची वाट बघत खुर्चीत ताठ बसले.

सून आली ती हातात फोन घेऊनच. कॉलेजातल्या एका मैत्रिणीने तिला चिठ्ठीचा फोटो दाखवला होता. फोटो इमारतीतून कॉलेजापर्यंत तीन दिवसांत पोचला होता. तिने एक पाकीट उघडलं. दुसरं उघडलं. मग ती पाकिटं उघडायची थांबली.

ती ओरडली असती तर मापसाहेबांना सोपं गेलं असतं. ती नुसती खुर्चीवर बसली. "बाबा, गुण सांगायचे नव्हते हो," ती हळूच म्हणाली. "सांगितले की ते भीतीचं माप राहत नाही. परीक्षा होते. लोक अभ्यास करतात."

"मोजलं आणि सांगायचं नाही?" मापसाहेबांचा आवाज बारीक झाला. "मग मोजायचं कशाला?"

तिने उघडलेली पाकिटं पुन्हा बंद केली. मग म्हणाली, "तुम्ही खूप धावपळ केलीत. आता विश्रांती घ्या." आणि उठून आत गेली. विश्रांती हा शब्द मापसाहेबांनी निवृत्तीच्या समारंभात अकरा भाषणांत ऐकला होता. तेव्हाही तो त्यांना आवडला नव्हता. त्या दिवशी ते जेवायला उशिरा बसले आणि भात परत वाढून घेतला नाही. पोरीची दोन वर्षं आपण चार दिवसांत धुळीला मिळवली, आणि वर ऐटीत सह्याही केल्या.

शुक्रवारी सुनेने खाली सूचनाफलकावर कागद लावला: 'पाहणी बंद झाली आहे. कृपया कुणीही घरी येऊ नये.' आता ही सूचना वाचून लोक येणार नाहीत, असं हुकण्याच्या भीतीवर दोन वर्षं वाचन केलेल्या मुलीला वाटावं, यातच काय ते आलं. पुस्तकात वाचलेलं आपल्या दारात लागू पडतं, हे पटायला माणसाला वेळ लागतो.

शनिवारी सकाळी ती सासऱ्यांसमोर येऊन घुटमळली. "बाबा, राग मानू नका. बाई येतील तेव्हा तुम्ही घरी नसलात तर... मला जे सांगायचंय ते मी एकटीच सांगते."

"छे, छे! राग कसला! मला तसंही बागेत जायचंच होतं," असं म्हणून मापसाहेब चपला घालून निघाले. बागेत आजवर ते कधी गेले नव्हते. बाकावर बसले. समोरचं कारंजं बंद होतं. त्यांनी घड्याळात पाहिलं. दहाला अजून अवकाश होता, पण बाई लवकरच आल्या असतील. आता सून सांगत असेल. आता बाई चष्मा काढत असतील. आपल्याबद्दल काय म्हणत असतील? विषय गेला असेल का? अकरा मिनिटं हे गृहस्थ बाकावर टिकले. मग उठले आणि इमारतीकडे जवळजवळ धावतच सुटले.

इमारतीच्या दारातच रांगेचं शेपूट होतं. तिथून जिन्याने वर, पहिला मजला, दुसरा, तिसरा, थेट चौथ्यावरच्या सदतीस नंबरपर्यंत, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या घरापर्यंत! सूचना वाचून लोक आले होते. पाहणी बंद झाली म्हणजे आज शेवटचा दिवस, असा अर्थ ज्याने त्याने आपापल्या मनाने लावला होता. वर दारात मापसाहेबांची बायको उभी राहून प्रत्येकाला 'पाहणी बंद आहे हो' असं सांगत होती. प्रत्येकजण पाच-दहा वाक्यं तिच्याशी हुज्जत घालत होता, मग खाली येऊन, पुन्हा उघडली तर असावं म्हणून, रांगेच्या शेवटी उभा राहत होता.

"जाऊ द्या, माझंच घर आहे," मापसाहेब म्हणाले.

"रांगेत या!" पाच नंबरवाले गरजले. "आम्हाला चार दिवस नियम ऐकवलात. आता तुम्हीही उभे राहा!" सगळ्यांनी माना डोलावल्या. तेहतीस वर्षं ज्याच्यासाठी दुकानं उघडायची तो माणूस स्वतःच्या घरच्या रांगेत शेवटून पहिला उभा राहिला. सवयीने त्यांनी घड्याळ पाहिलं: नऊ वाजून एकोणपन्नास.

मिनिटभरात त्यांच्या मागे एक बाई येऊन उभ्या राहिल्या. जाड चष्मा, खांद्याला कापडी पिशवी, केस घट्ट बांधलेले. वाचकांनी त्यांना ओळखलं असेलच. मापसाहेबांनी ओळखलं नाही.

"ही रांग कशाची?" बाईंनी विचारलं. "मला वर बोलावलंय, मी जाऊ का पुढे?"

"सगळे हेच म्हणतात!" पुढून तीन आवाज आले. बाई रांगेतच थांबल्या. पण पहिल्या मजल्यावर पोचल्यावर त्यांनी मापसाहेबांच्या खांद्याजवळ झुकून पुन्हा विचारलं, "वर मिळतं काय?"

"काही नाही," मापसाहेब म्हणाले. "वर 'बंद आहे' एवढंच सांगतात."

"आणि तरी सगळे उभे आहेत?"

"तरी उभे आहेत."

"आणि तुम्ही?"

मापसाहेबांना कुणाशी तरी बोलायचंच होतं. पहिल्या मजल्यापासून ते बोलायला लागले ते तिसऱ्यापर्यंत थांबले नाहीत. त्यांनी सगळं सांगितलं: चिठ्ठ्या, त्र्याऐंशी, दारावर आलेल्यांची वही, सरावाचा वर्ग, सभेतल्या टाळ्या. "सगळी चूक माझी आहे. पोरीने एक शब्द उलट बोललेला नाही. इतकं नेमकं काम करणारी मुलगी मी खात्यात तेहतीस वर्षांत पाहिली नाही. आणि आता आत तिच्या बाई बसल्यात, तिचा विषय चाललाय, आणि मी बागेत! माझं काही काम नाही तिथे, हे मला कळतंय हो. पण आत काय चाललंय ते मला कळलंच पाहिजे. माझ्याशिवाय कसं चालेल ते..." ते एकदम थांबले. चार नंबरवाल्यांनी सोमवारी दारात उभं राहून जे तोंड केलं होतं, तेच आपण केलंय, असं त्यांना जाणवलं.

बाई भराभर काहीतरी लिहून घेत होत्या, पिशवीवर कागद ठेवून.

रांग शेवटी दारापाशी आली. "अहो, तुम्ही?" बायको ओरडली. तिच्या मागून सून धावत आली. सकाळपासून ती बाईंची वाट बघत होती आणि घामाघूम झाली होती. तिने सासऱ्यांना पाहिलं, मग त्यांच्या मागे पाहिलं, आणि दारातच थबकली. "बाई! तुम्ही रांगेत?"

ज्या बाईंपासून लांब राहायला म्हणून मापसाहेबांना बागेत पाठवलं, त्या बाईंनाच त्यांनी तीन मजले सगळं सांगितलं होतं. संपलं. त्यांनी मान खाली घातली. "बाई, विषय काढायचा तर मला जबाबदार धरा. पोरीचा काढू नका."

"फॉर्म निकामी आहेत. चाळीसच्या चाळीस," बाई आत येत म्हणाल्या. सुनेने ओठ दाताखाली धरला. बाई खुर्चीवर बसल्या आणि चष्मा काढून पुसू लागल्या. त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला आणि मग त्या एकदम हसायलाच लागल्या. "अगं, मी पहिल्या मजल्यावर उभी होते तेव्हा लिफ्ट रिकामी आली. दोनदा! दार उघडं, आत कुणी नाही. आणि मी चढले नाही. का माहितीय? माझा नंबर जाईल म्हणून! वर काही मिळत नाही हे मला यांनी सांगितलं होतं. तुझ्याकडे मी बोलावलेली होते. एवीतेवी इथेच यायचं होतं. तरी मी नंबर सोडला नाही! वीस वर्षं हा विषय शिकवतेय मी!"

खोलीत कुणाला हसावं की नाही ते कळेना.

"कागदावर लोक पाचवर गोल करतात. जिन्यात कुणी गोल करत नाही," बाई पुढे झुकून म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते. "रांग मोज. कोण किती वेळ उभा राहतो, हातात काही पडणार नाही हे कळल्यावरही किती वेळ उभा राहतो. विषय तुझाच. दुसऱ्या मुलीला मी फोन करते. आणि या गृहस्थांनी दारावर आलेल्यांची वही ठेवलीय म्हणाले, ती मला आत्ता हवी."

सून रडत होती की हसत होती ते सांगणं कठीण. मापसाहेबांच्या कानांत मात्र एकच शब्द घुमत होता. वेळ. किती वेळ! म्हणजे मिनिटं! भीतीला एकक सापडलं होतं. मिनिट, सेकंद, घड्याळाने मोजता येईल, पुन्हा मोजता येईल, कुणी शिकवणी लावून वाढवू शकणार नाही असं एकक! त्यांचे कान पुन्हा लाल झाले.

"चल, पहिली नोंद घे," बाई सुनेला म्हणाल्या. "माझ्यापासून. मी किती वेळ उभी होते?"

सुनेने सासऱ्यांकडे पाहिलं. "बाबा? तुम्हीच सांगा."

सांगा! मापसाहेब ताठ झाले. त्यांनी घड्याळ पाहिलं, मनात वजाबाकी केली, पुन्हा एकदा पडताळून पाहिली. खोटं सांगणं त्यांच्या रक्तात नव्हतं, स्वतःच्या बाबतीत तर नव्हतंच.

"बाई, एक्केचाळीस मिनिटं," ते म्हणाले. मग त्यांनी घसा साफ केला. "मी बेचाळीस."

सुनेने दोन्ही आकडे लिहून घेतले.